विनयाची कसोटी

आपल्याकडे सत्कार समारंभाचे एक ठरलेले भाषण असते. शाल खांद्यावर पडलेली असते, श्रीफळ हातात असते, आणि सत्कारमूर्ती उभी राहून म्हणते की हा मान माझा नव्हे, माझ्या सहकाऱ्यांचा आहे; मी केवळ निमित्त. श्रोते टाळ्या वाजवतात आणि घरी परतताना एकमेकांना सांगतात, की माणूस एवढा मोठा झाला पण किती साधा राहिला! या भाषणात काही खोटे असते असे मला म्हणायचे नाही. पुष्कळदा बोलणाऱ्याला ते मनापासून वाटतही असते. परंतु त्यावरून त्याच्या विनयाविषयी आपल्याला काय कळते? माझ्या मते जवळजवळ काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कचेरीतला एखादा कनिष्ठ कारकून त्याच्यासमोर उभा राहून 'साहेब, आपला हा हिशेब चुकला आहे' असे म्हणू शकतो की नाही, यावरून मात्र बरेच काही कळेल.

यश आणि वजन वाढत असताना माणसाने विनयी कसे राहावे, हा प्रश्न नवा नाही. सर्वच धर्मपरंपरांनी त्याचा विचार केलेला आहे. आपल्या संतांनी तर देवाकडे थोरपण न मागता लहानपण मागितले. इस्लामी परंपरेत या प्रश्नाचा मोठ्या चिकाटीने विचार झालेला आहे, आणि ते स्वाभाविकही आहे. ज्या धर्माचे प्रेषित आपल्या हयातीतच एका राज्याचे प्रमुख झाले, त्या धर्मापुढे सत्ता आणि विनय यांचा प्रश्न पहिल्या पिढीपासूनच उभा राहणार. नमाज अरबीत पढणाऱ्या आणि विचार मराठीत करणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला त्या परंपरेतल्या काही गोष्टी मराठी वाचकांपुढे ठेवाव्याशा वाटतात. त्यात धर्मप्रचाराचा हेतू नाही. यश माणसाचे काय करते, हे त्या गोष्टींत फार स्वच्छ दिसते, एवढेच.

आरंभी शब्दाचाच विचार करू. विनयाला अरबीत जो शब्द आहे त्याचा उर्दू उच्चार 'तवाजो' असा होतो. त्याच्या मुळाशी असलेल्या धातूचा अर्थ 'ठेवणे', 'खाली ठेवणे' असा आहे. आता खाली काय ठेवता येते? जे उचललेले आहे तेच. जो मुळातच जमिनीवर पडलेला आहे, ज्याला इतरांनी दडपून खाली बसवले आहे, त्याच्या स्थितीला तवाजो म्हणत नाहीत. तिला वेगळा शब्द आहे : जिल्लत, म्हणजे मानहानी. हा भेद महत्त्वाचा आहे. जगात विनयाची शिकवण बहुधा चुकीच्या माणसाला दिली जाते. नोकराने नम्र असावे, सुनेने नम्र असावे, गरिबाने नम्र असावे असे आपण सांगतो. वस्तुतः त्यांच्याजवळ खाली ठेवण्याजोगे फारसे काही नसते. विनय हा उंचीवर गेलेल्या माणसाचा धर्म आहे. म्हणूनच यश वाढू लागले की विनयाचा प्रश्न संपत नाही, तो तेथून सुरू होतो.

मग अहंकार म्हणजे काय? हदीसमध्ये एक प्रसंग आहे. ज्याच्या अंतःकरणात कणभरही अहंकार असेल त्याला स्वर्गात प्रवेश नाही, असे पैगंबरांनी सांगितले. ऐकणाऱ्यांपैकी एकाला साहजिकच काळजी वाटली. त्याने विचारले, की माणसाला आपले कपडे चांगले असावेत, पादत्राणे चांगली असावीत असे वाटते, त्याचे काय? पैगंबरांनी उत्तर दिले की सौंदर्य ईश्वराला प्रियच आहे; अहंकार म्हणजे सत्य झिडकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे. ही व्याख्या मला फार मोलाची वाटते. तिने कपड्यांचा प्रश्न एका वाक्यात बाजूला सारला आणि दोनच कसोट्या ठेवल्या. सत्य नको असलेल्या तोंडून आले तर तुम्ही ते घेता का? आणि ज्याच्याकडून तुम्हांला काही मिळायचे नाही, असा माणूस तुमच्या लेखी कोण असतो?

साधेपणा आणि विनय यांत आपण नेहमी गल्लत करतो, म्हणून एक जवळचे उदाहरण घेतो. दौलताबादच्या पुढे खुलताबादला औरंगजेब बादशहाची कबर आहे. १७०७ मध्ये तो अहमदनगरजवळ मरण पावला आणि त्याच्या इच्छेप्रमाणे त्याला तेथे, एका सूफी संताच्या दर्ग्याच्या आवारात पुरले. वर घुमट नाही. आकाशाखाली उघडी माती. टोप्या शिवून आणि कुराणाच्या प्रती लिहून मिळवलेल्या पैशांचा त्याने जपून हिशेब ठेवला होता, आणि कफनाचा खर्च टोप्यांच्या पैशांतून करावा असे त्याने सांगून ठेवले होते, असे म्हणतात. ताजमहाल बांधणाऱ्या बापाचा हा मुलगा. पाहणाऱ्याचे मन हलून जावे असेच हे दृश्य आहे. परंतु याच बादशहाने १६५८ मध्ये त्या बापाला आग्र्याच्या किल्ल्यात कैद केले आणि १६६६ मध्ये शहाजहान मेला तो त्या कैदेतच. भाऊ दारा शुकोह याला १६५९ मध्ये ठार करण्यात आले. १६८९ मध्ये संभाजी महाराजांचा हालहाल करून वध झाला, तो याच्याच हुकमाने. टोप्या शिवणारा हात आणि हे हुकूम देणारा हात एकच होता.

येथे औरंगजेबाच्या संपूर्ण कारकिर्दीचा निवाडा करण्याचा माझा उद्देश नाही. मला एवढेच दाखवायचे आहे, की वरच्या हदीसमधली कसोटी लावली तर उघडी कबर विनयाचा पुरावा ठरत नाही. राहणी साधी ठेवणे हे स्वतःवरचे नियंत्रण आहे, आणि ते चांगलेच आहे. परंतु स्वतःवर नियंत्रण असलेल्या माणसाला, इतरांवर नियंत्रण ठेवण्याचा आपल्याला विशेष अधिकार आहे, असे फार लवकर वाटू लागते. आपण स्वतःसाठी काही मागत नाही, जे करतो ते धर्मासाठी किंवा देशासाठी करतो, असे एकदा मनाने घेतले, की आपले मत आणि धर्माचे मत यांतली रेषा दिसेनाशी होते. मग आपल्याला 'नाही' म्हणणारा माणूस धर्मालाच नाही म्हणतो आहे, असे वाटू लागते. भोगी माणसाचा गर्व निदान ओळखू तरी येतो. विरक्त माणसाचा गर्व ओळखणे फार कठीण.

कुराणात गर्विष्ठ माणसांची जी चित्रे आहेत, त्यांत कारूनचे चित्र आजच्या काळाला सर्वांत जवळचे आहे. तो मूसाच्या जमातीतला. त्याच्या खजिन्याच्या किल्ल्यासुद्धा बलदंड माणसांच्या एका टोळीला जड व्हाव्यात, इतकी त्याची संपत्ती होती. लोकांनी त्याला समजावले, की ईश्वराने तुझे भले केले तसे तू इतरांचे कर. त्यावर त्याने दिलेले उत्तर लक्षात ठेवण्यासारखे आहे. हे सर्व मला माझ्या ज्ञानामुळे मिळाले, असे तो म्हणाला. पुढे तो आणि त्याचा वाडा पृथ्वीने गिळला. कारून चोर होता, लबाड होता, असे या उत्तराच्या संदर्भात म्हटलेले नाही. त्याला ज्ञान असेलही. त्याची चूक बेरजेतली आहे. आईबापांनी केलेले कष्ट, शिकवणारे गुरू, योग्य वेळी मिळालेली संधी, आजारी न पडलेले शरीर, या सर्व रकमा वगळून त्याने फक्त स्वतःची रक्कम मांडली आणि उत्तर बरोबर आले असे समजला. 'मी शून्यातून उभा राहिलो' असे अभिमानाने सांगणारा प्रत्येक माणूस थोड्याफार प्रमाणात हीच बेरीज करीत असतो. कोणीही शून्यातून उभा राहत नाही. खाली जमीन तरी असतेच.

कारूनच्या गोष्टीपेक्षाही मला अधिक विचारात पाडते ती सुलेमान आणि मुंगी यांची गोष्ट. सुलेमान हा पैगंबर आणि राजाही. माणसे, जिन आणि पक्षी यांचे सैन्य त्याच्या दिमतीला. हे सैन्य मुंग्यांच्या खोऱ्याजवळ येते. तेव्हा एक मुंगी इतर मुंग्यांना सांगते, की आपापल्या घरात शिरा, नाहीतर सुलेमान आणि त्याचे सैन्य तुम्हांला तुडवून टाकतील, आणि त्यांना त्याचा पत्ताही लागणार नाही. सुलेमान हे ऐकतो, हसतो, आणि मिळालेल्या देणग्यांबद्दल कृतज्ञ राहण्याची बुद्धी दे, अशी प्रार्थना करतो.

या मुंगीने सत्तेविषयी जे सांगितले आहे त्याहून नेमके काही मी वाचलेले नाही. ती सुलेमानाला दुष्ट म्हणत नाही. तो आपल्याला तुडवील आणि त्याला कळणारही नाही, एवढेच ती म्हणते. मोठ्या माणसांच्या हातून होणारी बहुतेक इजा याच प्रकारची असते. एखादा वजनदार मनुष्य सहज एक शब्द बोलतो आणि कोणाची तरी नोकरी जाते. एखादा नामवंत लेखक थट्टेने चार ओळी लिहितो आणि एखाद्या नवोदिताचे लिहिणे कायमचे थांबते. आज तर एकेका माणसाचे म्हणणे क्षणात लाखो लोकांपर्यंत पोचते; त्या शब्दाखाली कोण आले हे बोलणाऱ्याला कधी समजतही नाही. माणूस जितका मोठा, तितके त्याचे पाऊल मोठे, आणि तितके त्याचे डोळे जमिनीपासून दूर. सुलेमानाचे मोठेपण एवढ्यात आहे, की एवढ्या उंचीवर असूनही त्याला मुंगीचे बोलणे ऐकू आले. ऐकू आल्यावर त्याला राग आला नाही, हे त्याहून विशेष.

आता मी जी गोष्ट सांगणार आहे ती मला या सर्व विषयाचा गाभा वाटते. कुराणातल्या ऐंशीव्या सूऱ्याचा आरंभ एका आठीने होतो. मक्केतले दिवस होते. पैगंबर कुरैश जमातीतल्या काही प्रतिष्ठितांशी बोलत होते. ही माणसे वळली तर सारी मक्का वळेल, अशी आशा होती. इतक्यात अब्दुल्ला इब्न उम्म मक्तूम नावाचा एक अंध मनुष्य आला आणि मला काही शिकवा, असे म्हणू लागला. बोलण्यात व्यत्यय आला. पैगंबरांच्या कपाळावर आठी पडली आणि त्यांनी तोंड फिरवले. त्यावर कुराणाने त्यांना बोल लावला : जो बेपर्वा आहे त्याच्याकडे तुम्ही लक्ष देता, आणि जो ओढीने धावत आला आहे त्याच्याकडे दुर्लक्ष करता. शिया भाष्यकारांपैकी बहुतेकांच्या मते आठी घालणारा मनुष्य दुसराच कोणी होता. सुन्नी परंपरेत मात्र हा प्रसंग पैगंबरांचाच मानतात.

यात तीन गोष्टी पाहण्यासारख्या आहेत. पहिली, हेतू स्वार्थी नव्हता. प्रतिष्ठितांशी चाललेले बोलणेही धर्मकार्यासाठीच होते. प्रभाव वाढवू पाहणाऱ्या प्रत्येक भल्या माणसाचा हाच युक्तिवाद असतो, की मोठी माणसे आपल्या बाजूला आली तर काम मोठे होईल, मग लहानांचेही भले होईल. तूर्त लहानांनी थांबावे. दुसरी, अंध माणसाला ती आठी दिसलीच नव्हती. त्याचे मन दुखावले असेल म्हणून हा बोल आला असे म्हणता येत नाही. आठी ज्याच्या कपाळावर पडली त्याच्यासाठी तो बोल होता. आणि तिसरी गोष्ट सर्वांत मोठी. हा बोल गुप्त राहिला नाही. ज्यांना तो लावला गेला त्यांनीच तो स्वतःच्या तोंडाने लोकांना ऐकवला, अनुयायांनी तो पाठ केला, आणि आज चौदा शतके तो नमाजेत पढला जातो. कोणता नेता आपल्यावरचा ठपका आपल्याच अनुयायांच्या रोजच्या प्रार्थनेत ठेवील? पुढे पैगंबर मदीनेबाहेर जात तेव्हा याच अंध अब्दुल्लाला त्यांनी अनेकदा आपल्या मागे मदीनेत नेमले.

विनय टिकवण्याचा मार्ग मला येथे दिसतो. आपण विनयाला मनातली एक भावना समजतो, आणि भावना तर यशाच्या पहिल्या वाऱ्याबरोबर उडून जाते. म्हणून तिला बाहेर कुठेतरी बांधून ठेवावे लागते. आपली चूक दाखवणारा आवाज बंद होणार नाही, अशी तरतूद यश येण्यापूर्वीच करून ठेवावी लागते. यश आल्यावर ती करायची म्हटले तर फार उशीर झालेला असतो. कारण तोवर भोवती जमलेल्या माणसांचे हित आपल्या गप्प राहण्यात नसते, आपल्याला खूश ठेवण्यात असते.

ही तरतूद करण्याची धडपड पुढच्या काळातही दिसते. ६३० मध्ये सुमारे दहा हजार माणसांसह पैगंबर मक्केत शिरले. ज्या गावाने त्यांना आठ वर्षांपूर्वी बाहेर घालवले होते, त्या गावात विजेता म्हणून शिरताना त्यांनी मान इतकी खाली घातली होती, की दाढी खोगिराला टेकेल की काय असे वाटावे, असे चरित्रकार सांगतात. विजय मिळेल, लोक झुंडीझुंडीने धर्मात येतील, तेव्हा काय करावे हे सांगणारा एक तीन वाक्यांचा सूरा आहे. त्यात उत्सवाची आज्ञा नाही. ईश्वराची स्तुती करा आणि क्षमा मागा, असे त्यात आहे. पराभवात क्षमा मागणे समजते. विजयाच्या क्षणी ती का मागायची? ज्याने यश मिळवताना कोणाकोणाला मागे सारले याचा हिशेब ठेवला असेल, त्याला हा प्रश्न पडणार नाही. आणि एवढे असूनही त्यानंतर थोड्याच दिवसांत हुनैनच्या लढाईत बारा हजारांच्या सैन्याला आपल्या संख्येचा गर्व झाला. पहिल्याच हल्ल्यात त्यांची फळी मोडली; मागाहून ती सावरली. कुराणाने ही गोष्टही नोंदवून ठेवली आहे. विनयाचा धडा एकदा गिरवून भागत नाही, तो दर वेळी नव्याने गिरवावा लागतो.

पैगंबरांनंतर ६३२ मध्ये अबू बकर पहिले खलिफा झाले. पहिल्याच भाषणात त्यांनी सांगितले, की मी तुमच्यातला सर्वोत्तम नसताना हे काम माझ्याकडे आले आहे. बरोबर वागलो तर साहाय्य करा, चुकलो तर सरळ करा. हे निव्वळ विनयाचे भाषण नव्हते. चूक दाखवण्याचा अधिकार त्यांनी जाहीरपणे लोकांच्या हाती दिला. खलिफा होण्यापूर्वी ते शेजारच्या घरांतल्या शेळ्यांचे दूध काढून देत असत. आता हे कसले दूध काढतात, असे एक मुलगी म्हणाली, तेव्हा मी काढीनच, असे त्यांनी उत्तर दिले आणि ते काम चालू ठेवले, अशी हकीकत सांगतात. त्यांच्या मागून आलेल्या उमर यांनी तर विनयाचे रूपांतर कारभारात केले. हजच्या वेळी ते प्रांतोप्रांतींच्या सुभेदारांना बोलावून घेत आणि जमलेल्या लोकांना त्यांच्याविरुद्धच्या तक्रारी सांगायला लावीत. स्वतःचेही त्यांनी काही सोडले नाही. एकदा ते खांद्यावर पाण्याची पखाल वाहताना दिसले. कारण विचारले तेव्हा, माझ्या मनाला स्वतःचे फार कौतुक वाटू लागले होते, म्हणून त्याला जरा खाली आणतो आहे, असे ते म्हणाले.

उमर यांनी ६३४ मध्ये सत्तेवर येताच खालिद इब्न वलीद यांना शामच्या, म्हणजे सीरियाच्या, सरसेनापतिपदावरून दूर केले आणि तेथे अबू उबैदा यांना नेमले. खालिद म्हणजे त्या काळचा अजिंक्य वीर. परंतु विजय खालिदमुळेच मिळतो, असे लोकांना वाटू लागले आहे, हे एक कारण इतिहासकार नमूद करतात. ही कृती न्याय्य होती की नव्हती, याविषयी पूर्वीपासून वाद आहेत. मला मात्र येथे खालिद अधिक लक्षणीय वाटतात. काल ज्याच्या हुकमाने सैन्य हलत होते, तो आज दुसऱ्याच्या हुकमाखाली लढला. ६३६ च्या यर्मूकच्या लढाईत तो होताच. पद गेल्यावर काम चालू राहते की नाही, हीही यशस्वी माणसाची एक कसोटी आहे. आपल्याकडे अध्यक्षपद गेले की संस्थाच सोडणारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत.

येथवर मी सत्ताधाऱ्यांविषयी बोललो. परंतु या दिवाळी अंकाचा वाचक बहुधा लिहिणारा, शिकवणारा, विचार करणारा असेल. तेव्हा विद्वानांनाही सोडून चालणार नाही. इमाम गजाली (१०५८–११११) यांनी 'इह्या' या आपल्या महाग्रंथात गर्वाची सात कारणे दिली आहेत : विद्या, उपासना, कुळ, रूप, बळ, संपत्ती आणि अनुयायी. पहिले कारण विद्या हे ध्यानात घ्यावे. हे लिहिण्याचा त्यांना अधिकार होता. १०९१ मध्ये, वयाच्या तेहेतिसाव्या वर्षाच्या सुमारास, ते बगदादच्या निजामिया विद्यापीठात आचार्य झाले. शेकडो विद्यार्थी त्यांच्यापुढे बसत. चार वर्षांनी त्यांनी आपल्या शिकवण्याच्या हेतूचा शोध घेतला आणि त्यांना आढळले, की त्यामागे ईश्वर नाही, कीर्तीची आणि मानाची ओढ आहे. १०९५ मध्ये त्यांची वाचाच बसली. वर्गात उभे राहावे तर शब्द फुटेना. अखेर मक्केला जातो असे सांगून ते शामकडे निघून गेले आणि दमास्कसच्या मशिदीत एकांतात राहिले.

गजालींनी पद सोडले हे सर्वांना आठवते. ११०६ मध्ये ते निशापूरला पुन्हा शिकवू लागले हे मात्र पुष्कळांना माहीत नसते. पळून जाणे हा विनयाच्या प्रश्नाचा शेवट नव्हे, हे त्यांना उमगले असावे. किंबहुना पळून जाण्यातही गर्व असू शकतो. मनाच्या या चोरवाटा त्यांनी विलक्षण बारकाईने पाहिल्या आहेत. सभेत मुद्दाम जोड्यांजवळ जाऊन बसणारा माणूस विनयी असेलच असे नाही, असे ते सांगतात. पुढची जागा माझीच होती आणि मी ती सोडली, हे लोकांना दिसावे असा त्याचा हेतू असू शकतो. आणि त्यांनी दिलेली पहिली परीक्षा विद्वानांसाठीच आहे. वादात प्रतिपक्षाच्या तोंडून सत्य बाहेर पडले तर तुम्हांला ते मान्य करणे आणि त्याचे आभार मानणे जड जाते का? जड जात असेल तर गर्व शिल्लक आहे. पुन्हा तीच कसोटी : सत्य कोणाच्या तोंडून आले याने तुम्हांला फरक पडतो का?

कोणी म्हणेल, विनय जर इतका निसरडा असेल, त्याचाही जर देखावा होऊ शकत असेल, तर माणसाने करावे तरी काय? या शंकेला परंपरेचे उत्तर अगदी साधे आहे. भावनेची वाट पाहू नका, कृती करीत राहा. रोजच्या पाच नमाजांच्या आवश्यक भागात सतरा रकाते असतात आणि प्रत्येक रकातीत दोन सजदे. म्हणजे दिवसातून चौतीस वेळा कपाळ जमिनीला लावायचे. त्या क्षणी मनात विनय असो वा नसो, कपाळ तरी जमिनीवर असते. जमातीच्या नमाजेत खांद्याला खांदा लावून उभे राहायचे. जो उशिरा येईल तो मागे, मग तो कोणीही असो. अर्थात सजद्याचाही दागिना करणारे असतात. कपाळावर पडलेला घट्टा मिरवता येतो. दिखाऊ नमाजींना कुराणाने कठोर शब्द ऐकवले आहेत ते उगीच नव्हे. परंतु औषधाचा दुरुपयोग होतो म्हणून औषध टाकून देत नाहीत. शरीराला खाली येण्याची सवय असली तर मन निदान मधूनमधून त्याच्या मागून येते.

शेवटी पुन्हा त्या शब्दाकडे वळतो. 'तवाजो'चा उर्दूत आणखी एक अर्थ आहे : पाहुण्याचा आदरसत्कार. 'खातिर-तवाजो' हा जोडशब्द दख्खनमध्येही पुष्कळांच्या कानांवरून गेला असेल. विनय आणि आतिथ्य यांना एकच शब्द असावा, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. यजमान पाहुण्यासाठी उठतो तेव्हा तो स्वतःला क्षुद्र समजत नसतो. घर त्याचेच असते. तो फक्त दुसऱ्याला जागा देतो. यशस्वी माणसाकडून याहून अधिक मागण्याची गरज नाही. आपण कोणीच नाही असे त्याने म्हणू नये. ते खोटेच असते. आपल्या घरात दुसऱ्याच्या बोलण्याला, विशेषतः न रुचणाऱ्या बोलण्याला, बसायला जागा ठेवावी.

७१७ ते ७२० या काळात खलिफा असलेल्या उमर बिन अब्दुल अजीज यांची एक हकीकत सांगतात. त्यांचे राज्य सिंधपासून स्पेनपर्यंत पसरलेले होते. एका रात्री त्यांच्याकडे एक विद्वान पाहुणा बसला होता. दिवा विझू लागला. मी दिवा नीट करतो, असे पाहुणा म्हणाला. पाहुण्याला कामाला लावणे बरे नव्हे, असे खलिफांनी उत्तर दिले. मग नोकराला उठवू का? नको, तो नुकताच झोपला आहे. खलिफा स्वतः उठले, दिव्यात तेल घातले आणि परत येऊन बसले. पाहुण्याला आश्चर्य वाटलेले दिसले, तेव्हा ते म्हणाले, की उठलो तेव्हा मी उमर होतो, आणि परत आलो तेव्हाही उमरच आहे.